समुद्राला सातबारा नसतो. मग त्याची वाटणी न्यायाने कशी करायची?

१९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक झाली. त्या एकाच बैठकीत समुद्राशी थेट संबंध असलेले दोन मोठे निर्णय झाले. एक, पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ ७६,२२० कोटी रुपये खर्चाच्या वाढवण बंदराला मंजुरी. दुसरा, गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यालगत भर समुद्रात पवनचक्क्या उभारण्यासाठी ७,४५३ कोटी रुपयांची मदत.

बंदर हवं, कारण मोठी जहाजं यायला हवीत. पवनचक्क्या हव्यात, कारण कोळसा कमी जाळायचा आहे. दोन्ही कारणं पटण्यासारखी आहेत. पण ज्या पाण्यात हे उभं राहणार, तिथे आज कुणीतरी जाळं टाकतं. ते पाणी रिकामं नाही.

जमिनीवर असा प्रश्न आला की आपण सातबारा काढतो, मोजणी आणतो, बांध बघतो. समुद्रात यातलं काहीच नाही. मग कोणाला किती जागा मिळावी, कोणी मागे सरावं आणि मागे सरणाऱ्याला काय मिळावं, हे कसं ठरतं? सोप्या भाषेत समजून घेऊ.

समुद्रात नेमकं कोण कोण आहे?

किनाऱ्यावरून पाहिलं तर समुद्र मोकळा दिसतो. प्रत्यक्षात मुंबईसमोरचं पाणी हे गर्दीच्या वेळच्या दादर स्टेशनसारखं आहे.

मुंबईच्या पश्चिमेला दीडशेहून अधिक किलोमीटरवर मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. १९७४ मध्ये तिथे तेल सापडलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. तिथून तेल आणि वायू आणणाऱ्या वाहिन्या समुद्राच्या तळावरून किनाऱ्याला येतात. मुंबई बंदर आणि न्हावाशेवाचं बंदर यांच्याकडे जाणाऱ्या जहाजांचे ठरलेले मार्ग आहेत. नौदल आहे. वर्सोव्याला समुद्राखालच्या इंटरनेट केबल्स किनाऱ्यावर येतात. तुम्ही हा लेख मोबाइलवर वाचताय, त्यातला काही डेटा कदाचित त्याच वाटेने आला असेल.

याशिवाय मच्छीमार आहेत, आणि तेही एका प्रकारचे नाहीत. खुंट रोवून डोल जाळी लावणारे आहेत, छोट्या होडीतून जाळं सोडणारे आहेत, ट्रॉलरवाले आहेत, पर्ससीनवाले आहेत. खाली सिंधुदुर्गात मालवणचं सागरी अभयारण्य आहे, तिथेच स्कूबा डायव्हिंगचा व्यवसायही आहे. आणि या सगळ्याच्या आधीपासून तिथे मासे, कासवं, डॉल्फिन आणि प्रवाळ आहेत. त्यांच्या वतीने बोलणारं कुणी बैठकीत असेलच असं नाही.

या प्रत्येकाला जागा लागते आणि ती अनेकदा एकाच ठिकाणी लागते. तेलाच्या प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचा सुरक्षा पट्टा ठेवता येतो. म्हणजे एका प्लॅटफॉर्मसाठी साधारण ७८ हेक्टर पाणी बाकीच्यांना बंद. केबलवर नांगर पडला किंवा जाळं अडकलं तर केबल तुटते, म्हणून तिथेही नियम. प्रत्येक नियम सुटा पाहिला तर योग्य वाटतो. पण सगळे नियम एकत्र केले की कुणाच्या तरी वाट्याला फारच थोडं पाणी उरतं.

कायद्याने समुद्र कुणाचा?

खासगी मालकी कुणाचीच नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत देशाचा प्रादेशिक समुद्र असतो. २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, विशेष आर्थिक क्षेत्र. तिथल्या मासळी, तेल, खनिजं, वारा यांच्यावर देशाचा हक्क असतो. भारताचा यासंबंधीचा कायदा १९७६ चा आहे.

पण देशाच्या आत अधिकार वाटलेले आहेत. १२ सागरी मैलांच्या आतली मासेमारी हा राज्याचा विषय. त्यापलीकडची मासेमारी केंद्राकडे. मोठी बंदरं केंद्राकडे, छोटी बंदरं राज्याच्या सागरी मंडळाकडे. तेल पेट्रोलियम मंत्रालयाकडे, पवन ऊर्जा वेगळ्या मंत्रालयाकडे, समुद्रातली खनिजं खाण मंत्रालयाकडे, किनाऱ्याचं पर्यावरण आणखी तिसऱ्याच खात्याकडे.

परिणाम काय होतो? प्रत्येक खातं आपापल्या गरजेप्रमाणे जागा ठरवतं. केरळचं उदाहरण ताजं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने समुद्रातल्या खनिजांच्या १३ पट्ट्यांचा पहिला लिलाव जाहीर केला. त्यात कोल्लमसमोरचे वाळूचे तीन पट्टे होते. खाण खात्याच्या दृष्टीने ती बांधकामाची वाळू होती. मच्छीमारांच्या दृष्टीने तो मासळीचा तळ होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळच्या मच्छीमारांनी किनारपट्टीवर बंद पाळला. लिलाव आधी जाहीर झाला, चर्चा नंतर पेटली. वाद टाळायचा तर क्रम उलटा हवा.

सागरी अवकाश नियोजन म्हणजे काय?

हाच क्रम उलटा करण्याच्या पद्धतीला सागरी अवकाश नियोजन म्हणतात. शहराचा विकास आराखडा असतो ना, कुठे शाळा, कुठे बाग, कुठे कारखाने? तसाच आराखडा, फक्त पाण्याचा. आधी सगळ्यांना एकत्र बसवायचं, कोण कुठे काय करतं त्याचा एक नकाशा बनवायचा, कोणत्या गोष्टी शेजारी चालतात आणि कोणत्या एकमेकांवर येतात ते पाहायचं, मग जागा ठरवायची. प्रकल्पाचा अर्ज येण्याआधी हे सगळं व्हायला हवं.

शहराच्या आराखड्याहून समुद्राचा आराखडा अवघड असतो, कारण पाणी स्थिर नाही. मासे ऋतूप्रमाणे जागा बदलतात. एकाच ठिकाणी तळाला केबल, मधल्या पाण्यात मासे आणि वर जहाज असू शकतं. त्यामुळे ‘कुठे’ बरोबर ‘केव्हा’ आणि ‘किती खोलीवर’ हेही ठरवावं लागतं.

युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाने २००९ मध्ये या नियोजनाची मार्गदर्शिका काढली. युरोपीय संघाने २०१४ मध्ये नियमच केला की किनारा असलेल्या सदस्य देशांनी मार्च २०२१ पर्यंत आपापल्या समुद्राचे आराखडे करावेत. भारताने २०१९ मध्ये नॉर्वेबरोबर सहकार्य सुरू केलं आणि पहिल्या प्रयोगासाठी पुद्दुचेरी आणि लक्षद्वीप निवडले.

पण आपल्याकडे सीआरझेड आहे ना?

आहे. सीआरझेडचे नियम भरतीरेषेपासून जमिनीकडच्या पट्ट्याला आणि समुद्राकडे १२ सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यालाही लागू होतात. पण सीआरझेडचा मुख्य प्रश्न असतो: इथे हे बांधायला परवानगी द्यायची का? म्हणजे प्रकल्प आधी येतो, तपासणी नंतर होते आणि तीही एकेका प्रकल्पाची.

एक पूल आला, होड्यांचा रस्ता थोडा वळला. एक जेट्टी आली, जाळ्यांची जागा थोडी सरकली. गाळ काढला, पाणी गढूळ झालं. प्रत्येक प्रकल्पाचा अहवाल म्हणतो की परिणाम मर्यादित आहे, आणि तो सुटा पाहिला तर खरंही असू शकतं. पण वीस वर्षांत अशा दहा प्रकल्पांनंतर खाडीत मासेमारीच उरली नाही, तर त्याची जबाबदारी कोणत्या अहवालावर टाकायची? एकत्रित परिणामांचा हिशेब आराखड्याशिवाय लागत नाही.

नकाशावर कोण दिसतं आणि कोण दिसत नाही?

इथून न्यायाचा खरा प्रश्न सुरू होतो. आराखडा केला म्हणजे आपोआप न्याय झाला असं नाही. नकाशा कशावरून काढला, यावर बरंच अवलंबून असतं.

मोठ्या जहाजांवर ओळख सांगणारी यंत्रणा असते. त्यांचे मार्ग उपग्रहावरून रेषेसारखे दिसतात. तेलाच्या विहिरी, केबल, वाहिन्या यांच्या नोंदी कंपन्यांकडे असतात. बिनयंत्राच्या किंवा छोट्या इंजिनाच्या होडीची अशी रेषा नसते. फक्त उपलब्ध डेटावर नकाशा काढला, तर जिथे शंभर छोट्या होड्या रोज जातात ती जागा पांढरी दिसते. आणि नकाशावर पांढरी दिसणारी जागा ‘उपलब्ध’ समजली जाते.

डोल जाळ्याचं उदाहरण घ्या. बोंबील, जवळा, करंदी यांच्यासाठी मुंबई-पालघर पट्ट्यात हे जाळं लावतात. समुद्रतळात खुंट रोवून पिशवीसारखं जाळं बांधायचं. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आत येते. खुंटाची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते. कोळ्यांच्या बोलीत त्याला ‘कव’ म्हणतात. कुणाची कव कुठे, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. सरकारी दप्तरात मात्र त्याचा सातबारा नाही.

आणि इथे सगळं आलबेल होतं असंही समजू नका. कवींच्या हद्दीवरून पालघर-डहाणूकडचे आणि वसई-उत्तनकडचे मच्छीमार वर्षानुवर्षं भांडत आलेत. म्हणजे ‘मच्छीमार विरुद्ध प्रकल्प’ एवढंच चित्र नाही. मच्छीमार विरुद्ध मच्छीमार हाही वाद आहे. म्हणूनच पाण्यातल्या वहिवाटीची नोंद करणं, गावागावात बसून तिचा नकाशा काढणं, हे न्याय्य नियोजनाचं पहिलं काम ठरतं.

आणखी एक गट नकाशावर कधीच दिसत नाही: बायका. मासळी सुकवणाऱ्या, निवडणाऱ्या, पाटी घेऊन बाजारात बसणाऱ्या. होडीचा परवाना मालकाच्या नावावर असतो. समुद्र बंद झाला की तिचाही रोजगार जातो, पण कागदावर तिचा समुद्राशी संबंधच नसतो.

वरळी: दोन खांबांमधल्या अंतराची लढाई

समुद्रातला न्याय कधी कधी अगदी मीटरमध्ये मोजता येतो. मुंबईचा सागरी किनारा रस्ता वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडण्यासाठी वरळीजवळ समुद्रात पूल बांधायचा होता. वरळी कोळीवाड्यातल्या होड्या क्लीव्हलँड बंदरातून याच पाण्यातून ये-जा करतात. आराखड्यात पुलाच्या खांबांमधलं अंतर ६० मीटर होतं.

महापालिकेचं म्हणणं होतं, होडीची रुंदी पाहता ६० मीटर पुरेसे आहेत. मच्छीमारांचं म्हणणं होतं, होडी म्हणजे रस्त्यावरची गाडी नाही. वारा, लाट आणि ओढ यांनी ती बाजूला फेकली जाते. एकाच वेळी दोन होड्या समोरासमोर आल्या आणि हवा खराब असली तर खांबावर आदळण्याची भीती. त्यांनी आधी २०० आणि नंतर १६० मीटरची मागणी केली. काम अडवलं गेलं, समिती नेमली गेली, वाटाघाटी लांबल्या. शेवटी मधला एक खांब वगळून अंतर १२० मीटर करायचं ठरलं.

यात कुणालाच हवं ते सगळं मिळालं नाही. मच्छीमारांना १६० मिळाले नाहीत, पालिकेला वेळ आणि खर्च वाढवून घ्यावा लागला. पण एक गोष्ट लक्षात घ्या. आराखडा काढताना, कागदावर खांबाची जागा ठरवताना, कोळीवाड्यात जाऊन हा प्रश्न विचारला असता तर हा बदल पेन्सिलीने झाला असता. आंदोलनाची आणि काम थांबण्याची गरज पडली नसती. आधी विचारण्यात भलेपणा आहेच, पैशांची बचतही आहे.

जागा वाटता येत नसेल, तर वेळ वाटा

समुद्रात वाटणी दर वेळी रेषा मारूनच करावी लागते असं नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. माशांच्या प्रजननासाठी आणि खवळलेल्या समुद्रातल्या सुरक्षेसाठी. हीसुद्धा एक वाटणीच आहे: दहा महिने माणसाचे, दोन महिने माशांचे.

पर्ससीनचा वादही बऱ्याच अंशी वेळेच्या वाटणीवर आलाय. पर्ससीन जाळं माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालून खालून दोरीने आवळलं जातं. पारंपरिक मच्छीमारांची तक्रार आहे की यात किनाऱ्याजवळची मासळी एका फेरीत उपसली जाते. पर्ससीनवाल्यांचं म्हणणं असतं की त्यांनीही कर्ज काढून बोटी घेतल्यात, एका बोटीवर अनेक खलाशांची घरं चालतात. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याच्या हद्दीत पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांपुरती मर्यादित केली आणि परवाने टप्प्याटप्प्याने कमी करायचं धोरण घेतलं.

तामिळनाडूत राज्याच्या हद्दीत पर्ससीनवर बंदी होती. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देताना १२ सागरी मैलांच्या बाहेर परवानगी दिली, पण आठवड्यातून दोनच दिवस, सोमवार आणि गुरुवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६. जागा, दिवस आणि तास, तिन्ही वाटून दिले.

हे नियम कागदावर चांगले आहेत. अडचण अंमलबजावणीची. शिक्षा होणार नाही हे माहीत असेल तर नियम पाळणाऱ्याचंच नुकसान होतं. ज्या वाटणीवर देखरेख नाही, ती ताकदवानाच्या बाजूने झुकते.

भरपाई दिली की न्याय झाला?

काही वेळा वाटणी शक्यच नसते. जिथे बंदराचा भराव पडला तिथे पुन्हा जाळं टाकता येणार नाही. मग उरते भरपाई. पण भरपाईतही प्रश्न आहेत: कुणाला, कशाची, किती वर्षांची आणि केव्हा?

न्हावाशेवाच्या बंदराजवळचं उदाहरण बोलकं आहे. हे बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. पुढच्या विस्तारात भराव पडला, कांदळवनं गेली, भरतीचं पाणी अडलं, असं सांगत उरण-पनवेल भागातले पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेले. न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. बंदर, सिडको आणि ओएनजीसी यांनी ७०, २० आणि १० टक्के अशा प्रमाणात ते द्यायचे होते. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि कुटुंबांची वाट पाहणं लांबलं. म्हणजे हक्क मान्य झाला तरी तो हातात पडेपर्यंत पिढी बदलू शकते.

२०२१ मध्ये ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने मच्छीमारांच्या पारंपरिक उपजीविकेची दखल घेतली आणि अशा प्रकल्पांसाठी भरपाईचं धोरण हवं असं सांगितलं. त्यानंतर राज्याने तसं धोरण आणलं. प्रत्येक प्रकल्पामागे वेगळी लढाई लढण्यापेक्षा आधीच ठरलेला नियम केव्हाही बरा.

छोट्या भरपाईचं एक चांगलं उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असे संरक्षित प्राणी जाळ्यात अडकले तर त्यांना सोडवायला जाळं कापावं लागतं. निसर्ग वाचावा ही इच्छा सगळ्यांची, पण जाळं फाटतं एकाचं. डिसेंबर २०१८ पासून राज्याच्या कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने अशा मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायला सुरुवात केली. फायदा सगळ्यांचा असेल तर भार एकट्यावर नको, हे न्यायाचं तत्त्व इतक्या साध्या योजनेत दिसतं.

याउलट मालवणचं अभयारण्य पाहा. १९८७ मध्ये २९ चौरस किलोमीटरचं क्षेत्र जाहीर झालं. उद्देश प्रवाळ आणि सागरी जीव वाचवण्याचा. पण निर्णयाला स्थानिक मच्छीमारांचा विरोध राहिला, आणि विरोधात उभं राहिलेलं अभयारण्य चालवणं अवघड होतं. म्हणजे अन्याय फक्त बंदरामुळेच होतो असं नाही. निसर्गाच्या नावाने काढलेली रेषाही माणसांना न विचारता काढली तर टिकत नाही.

मग वाढवणचं काय?

आता पुन्हा सुरुवातीच्या बंदराकडे येऊ. सरकारची बाजू अशी: वाढवणला सुमारे २० मीटरची नैसर्गिक खोली आहे, त्यामुळे जगातली सर्वांत मोठी कंटेनर जहाजं थेट येऊ शकतील. नऊ कंटेनर टर्मिनल, वर्षाला २९.८ कोटी टन मालाची क्षमता आणि थेट-अप्रत्यक्ष मिळून सुमारे १० लाख रोजगारांचा सरकारचा अंदाज. देशाचा माल दुसऱ्या देशांच्या बंदरांत उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च वाचेल.

विरोधकांची बाजू अशी: समुद्रात १,४४८ हेक्टर, म्हणजे सुमारे साडेतीन हजार एकर भराव आणि १० किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत. डहाणू हा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील तालुका आहे. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये खास प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते, आणि याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणचा तेव्हाचा बंदर प्रस्ताव नाकारला होता. जुलै २०२३ मध्ये मात्र त्याच प्राधिकरणाने नव्या प्रस्तावाला अटींसह हिरवा कंदील दाखवला. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरोधातल्या याचिका फेटाळल्या, त्यानंतर वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली.

दोन्ही बाजूंच्या आकड्यांची तुलना करून ‘जास्त फायदा कुणाचा’ असं ठरवता येईल का? इथेच गफलत होते. बंदराचा फायदा देशभर पसरतो: आयातदार, निर्यातदार, ग्राहक, सरकारी तिजोरी. नुकसान मात्र मोजक्या गावांत साचतं. बेरीज-वजाबाकी केली तर आकडा फायद्याचाच येईल. पण ज्याच्या वाट्याला फक्त वजाबाकी आली, त्याला त्या बेरजेचं काय? पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगलेल्या माणसाला बंदरात कंटेनर हाताळण्याची नोकरी आपोआप मिळत नाही. त्यासाठी प्रशिक्षण लागतं, वय लागतं, आणि भरतीत स्थानिकांना खरंच जागा लागते.

शिवाय वाढवणचं बंदर उभारणाऱ्या कंपनीत ७४ टक्के हिस्सा न्हावाशेवाचं बंदर चालवणाऱ्या प्राधिकरणाचाच आहे. त्यामुळे पालघरचा मच्छीमार उरणकडे बघतो आणि विचारतो, तिकडच्यांचं काय झालं? आधीच्या प्रकल्पाची वचनं पाळली गेली नसतील, तर नव्या प्रकल्पाचं सादरीकरण कितीही देखणं असलं तरी विश्वास बसत नाही.

बाहेर कुणाला हे जमलंय का?

पूर्णपणे कुणालाच नाही. पण काही अनुभव शिकण्यासारखे आहेत.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफमध्ये २००४ मध्ये नव्याने आखणी झाली. मासेमारी पूर्ण बंद असलेलं क्षेत्र ५ टक्क्यांहून कमी होतं, ते सुमारे ३३ टक्के केलं गेलं. आधी मसुदे लोकांसमोर ठेवले. ३१ हजारांहून अधिक लेखी सूचना आल्या आणि नकाशात बदल झाले. मच्छीमारांना सावरण्यासाठीचा खर्च सुरुवातीच्या अंदाजाच्या कितीतरी पट वाढून २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे गेला. धडा दुहेरी आहे: ऐकून घेतलं तर मोठा बदलही होतो, आणि मागे सरणाऱ्याचा खर्च आधी कमीच धरला जातो.

बेल्जियमचा किनारा जेमतेम ६५ किलोमीटरचा. इतक्याशा पाण्यात पवनचक्क्या, जहाजमार्ग, वाळू उपसा, मासेमारी, लष्करी सराव आणि संरक्षित क्षेत्र बसवायचं होतं. त्यांनी २०१४ मध्ये आराखडा केला आणि दर सहा वर्षांनी तो पुन्हा तपासायचं ठरवलं. समुद्र बदलतो, तंत्र बदलतं, म्हणून आराखड्यालाही मुदत हवी.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याने २०१० मध्ये समुद्राचा आराखडा केला, त्यात मच्छीमारांची सल्लागार समिती कायम स्वरूपाची ठेवली. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेचा पहिला सागरी पवन प्रकल्प, पाच पवनचक्क्यांचा, याच राज्याच्या पाण्यात उभा राहिला. प्रकल्प आला, पण जागेची चर्चा आधी झाली होती.

वाटणी न्याय्य आहे का, हे कसं ओळखायचं?

उद्या तुमच्या फीडमध्ये एखाद्या सागरी प्रकल्पाची बातमी आली, की बाजू घेण्याआधी हे सहा प्रश्न विचारून बघा.

१. नकाशा कुणी काढला? त्यात छोट्या होड्या, कवी, मासळी सुकवायच्या जागा आहेत का?

२. विचारलं केव्हा? जागा ठरण्याआधी की ठरल्यानंतर? ठरल्यावर घेतलेली बैठक ही माहिती देणं असतं, मत विचारणं नसतं.

३. दुसरी जागा किंवा दुसरी वेळ तपासली का? तपासली असेल तर ती का नाकारली, हे लिहून दिलंय का?

४. फायदा कुणाला, तोटा कुणाला? एकूण आकडा बाजूला ठेवा आणि गावागणिक, घरागणिक बघा. यात बायका आणि बोट नसलेले खलाशी मोजलेत का?

५. अंदाज चुकला तर कोण भोगणार? ‘मासळीवर फारसा परिणाम होणार नाही’ हे वाक्य खोटं ठरलं, तर पाच वर्षांनी पुन्हा मोजणी आणि भरपाई होणार का?

६. आधीच्या प्रकल्पाची वचनं पुरी झाली का?

हे प्रश्न विचारायला एक जागाही आहे. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या नियमांनुसार मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध असावा लागतो आणि सुनावणीत आलेली मतं इतिवृत्तात नोंदवावी लागतात. तुम्ही किनाऱ्यावर राहत नसाल तरी लेखी मत पाठवू शकता.

महाराष्ट्राचा किनारा आपण शाळेत ७२० किलोमीटर असा पाठ केला. पालघरपासून सिंधुदुर्गपर्यंत सात जिल्हे त्याला लागून आहेत. त्या सातही जिल्ह्यांसमोरच्या पाण्यात कोण, कुठे, केव्हा, काय करतं हे एका कागदावर मांडणारा आणि गावांनी मान्य केलेला आराखडा तयार झाला, तर पुढच्या प्रत्येक वादाची सुरुवात निदान एकाच नकाशावरून होईल. आज दोन बाजू दोन वेगळे नकाशे घेऊन बसतात, आणि त्यातला एक नकाशा तर फक्त म्हाताऱ्या तांडेलांच्या डोक्यात आहे. तो कागदावर उतरवायचं काम मंत्रालयाला, विद्यापीठांना, मच्छीमार सहकारी संस्थांना आजही सुरू करता येईल. त्यासाठी कुठल्याही बंदराची किंवा पुलाची वाट पाहायची गरज नाही.